देवरेकाकांचे न दिसणारे बिऱ्हाडकरू

पाहुण्याला खुर्चीत बसवायचं, हातात चहाचा कप द्यायचा आणि समोरची रिकामी काचेची पेटी बघायला लावायची, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच बघितला. पेटी चांगली चार फूट लांब. आत खारं पाणी, तळाला वाळू, पाच-सहा खडबडीत दगड आणि दगडांच्या मधोमध एक मेलेली कोळंबी. मासा औषधालासुद्धा नाही. वर ट्यूबलाइट मात्र भर दुपारी चालू.

"दिसतंय का काही?" काका विचारायचे.

"नाही हो."

"बरोबर. पण आहेत. बिऱ्हाडं यायला लागलीत. चहा घ्या, गार होतोय."

मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. इंदिरानगरात आमच्या रो-हाउसेसची रांग नवीनच उभी राहिली होती. मी मुलींच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे. त्यामुळे गल्लीत विज्ञानाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा माजही होता. पहिल्याच भेटीत त्या कोळंबीचा वास आला तशी मी नाकाला पदर लावला आणि म्हटलं, "काका, ही सडलीय. काढून टाका आधी."

माणूस असा खूश झाला की विचारू नका. "सडलीय ना? अहो, सडायलाच ठेवलीय! पण तिला सडवतंय कोण, ते सांगा की बाई!"

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, शेजार मिळाला तो हा असा.

देवरेकाका मूळचे सटाण्याकडचे. नोकरी सगळी मनमाडला, रेल्वेत. काम काय, तर पाणी तपासायचं. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये जे पाणी जातं ते कसंही चालत नाही. क्षार जास्त झाले तर आत पुटं धरतात आणि नळ्या फुटतात. काकांनी सही केल्याशिवाय इंजिनाला पाणी मिळत नसे, असं ते सांगायचे. काकू आतून म्हणायच्या, "इंजिनाला मिळायचं. घरात नव्हतं." पुढे वाफेची इंजिनं गेली, डिझेलची आली, आणि काका मुदतीआधीच निवृत्ती घेऊन नाशिकला आले. मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला. इथे ही दोघंच.

मनमाडचं पाणी म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच माहीत. आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांनी नळ यायचा. त्यामुळे काकांच्या अंगात पाण्याबद्दलची एक शिस्त मुरलेली होती, आणि नाशिकला चोवीस तास नळ आला तरी ती गेली नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं भांड्यांना, भांड्यांचं अळूला. मी अंगणात पाइप लावून गाडी धुवायला काढली की काका कंपाउंडपाशी येऊन उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते बघत राहायचे, मेल्याहून मेल्यासारखं होईपर्यंत. शेवटी मी बादली आणि फडकं घ्यायला लागले.

आता असा पाण्याचा माणूस समुद्राच्या नादी का लागला? तर चाळिशी उलटल्यावर एकदा कसल्याशा लग्नासाठी डहाणूला गेला आणि तिथे त्यानं पहिल्यांदा समुद्र बघितला. बाकीची मंडळी पाय भिजवत होती, हे गृहस्थ खिशातल्या बाटलीत पाणी भरत होते. काकू म्हणाल्या, "तिथंच माझ्या लक्षात आलं, आता हे आपल्या घरी येणार."

आणि आलं. निवृत्तीनंतर काकांनी डहाणूहून कॅनमधून समुद्राचं पाणी आणलं. मग त्यांच्या मते जे करायला हवं ते सगळं केलं. पाणी गाळलं, औषध टाकून निर्जंतुक केलं, औषधाचा अंश उडवला, पुन्हा गाळलं. खारटपणा बरोबर, कठीणपणा बरोबर, सगळं कसं बॉयलरला शोभेल असं. काचेसारखं लखलखीत पाणी. मुंबईहून चार मासे आणून त्यात सोडले. आठव्या दिवशी चारही मेले.

हा किस्सा काका स्वतःच सांगायचे, पण हसत नसत. त्यांनी म्हणे तीन वेळा पाणी तपासलं आणि तिन्ही वेळा त्यात अमोनिया निघाला. आला कुठून? तर माशांच्याच घाणीतून. शेवटी गोव्याला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना काकांनी चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं पोस्टकार्डावर, एका ओळीचं: 'तुमचं पाणी उत्तम आहे, पण त्यात राहतं कोण?'

ते पोस्टकार्ड मी वाचलंय. काकांनी त्याला प्लॅस्टिक चढवून घेतलं होतं. त्या एका ओळीनं या माणसाचं उरलेलं आयुष्य बदललं. जन्मभर पाण्यातून जिवाणू हद्दपार करणारे देवरेकाका त्यांचे घरमालक होऊन बसले. कोळंबी सडत टाकायची, तिच्यातून अमोनिया सुटतो, तो खाणारे जिवाणू दगडांवर येऊन राहतात. त्यांनी टाकलेलं खाणारे दुसरे येतात. ही सगळी वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर मासा आणायचा नाही. "घर लागलं नाही तर पाहुण्याला कसं बोलवायचं?" असं ते म्हणत. मी बघितलेली रिकामी पेटी ती हीच, त्यांच्या दुसऱ्या खेपेची.

आता गंमत ऐका. समुद्राचं जे गणित मला पुस्तकातून कधी नीट उमगलं नव्हतं, ते काकांनी मला मनमाडावरून समजावलं. मी म्हटलं होतं, समुद्रात काय हो, अन्नाला काय तोटा? तर म्हणाले, "इथंच चुकताय, बाई. खोल समुद्राच्या मधोमध, वरचं उजेडातलं पाणी म्हणजे अगदी मनमाड. पाणी उदंड, पण पोषण? नाही! मग तिथली सूक्ष्म झाडं जगतात कशावर? जे थोडकं आहे ते पुन्हा पुन्हा वापरून. कुणी मेलं, कुणी हगलं, की जिवाणू ते फोडतात, त्यातलं नत्र-स्फुरद मोकळं करून परत देतात. पुन्हा झाडं, पुन्हा मासे, पुन्हा हगणं. तांदळाचं पाणी भाजीला, भाजीचं भांड्यांना. जे निसटून तळाला जातं ते तिथले जिवाणू फोडतात, आणि खालचं पाणी कधीतरी वर आलं की ते वर येतं. मनमाडला टँकर यायचा ना, तसं."

आणि मग डोळे मोठे करून, रंगात आले की निघायची त्या अहिराणीत, "समुद्र जित्ता शे, बाई! जित्ता शे!"

दर दीड-दोन महिन्यांनी काका एसटीनं डहाणूला जायचे आणि दोन कॅन भरून जव्हार-त्र्यंबकच्या रस्त्यानं परत यायचे. कंडक्टर ओळखीचे झाले होते. एकदा त्र्यंबकला दर्शन करून आलेली खेड्यातली एक आजी त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिच्या हातात कुशावर्त कुंडाच्या पाण्याची बाटली, यांच्या पायाशी कॅन.

"हे कुठलं तीर्थ हाय, बाबा?"

"समुद्राचं."

आजीनं हात पुढे केला. काकांनी चमचाभर ओतलं. तिनं डोळ्यांना लावलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "म्हंजी आपली गंगा इथंच जाती ना शेवटी?"

आता काका म्हणजे काका. गप्प बसतील कसे? "नाही आजी, गोदावरी पलीकडच्या समुद्राला मिळते, पूर्वेच्या. हे पाणी अलीकडचं."

"आरं, समुद्र काय दोन असत्यात का?" आजी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून झोपली.

काका नाशिक येईपर्यंत विचार करत बसले. घरी आल्यावर सरळ माझ्याकडे आले. "बाई, पाणी सगळं एकच, फिरत असतंय. म्हातारी बरोबर होती, मीच नकाशात अडकलो होतो." चूक कबूल करायला इतका उतावीळ माणूस मी पाहिला नाही. आमच्याकडे चूक मान्य करायची म्हणजे तीन दिवस लागतात, त्यात एक दिवस अबोला.

एकदा मी त्यांना शाळेत बोलावलं. नववीचा वर्ग, साठ मुली. काका खडू न घेता उभे. म्हणाले, "तुमच्याकडं जेवणं झाल्यावर ताटं कोण घासतं?" मुली म्हणाल्या, आई. "आणि तिचा फोटो आहे का भिंतीवर?" मुली हसल्या. "समुद्राचं चित्र काढा म्हटलं की तुम्ही देवमासा काढता. ताटं घासणारा कुणी काढत नाही." मागच्या बाकावरची एक आगाऊ पोरगी उठली. "सर, ते सगळे मेले तर?"

काकांनी तिच्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाले, "मग उष्टी ताटं पडून राहतील. खरकट्याचा ढीग, आणि घरातले सगळे उपाशी." एवढं बोलून ते खाली बसले. तासाची वीस मिनिटं शिल्लक होती, ती मला भरून काढावी लागली.

दुसऱ्या खेपेला पेटी जमली. मग त्यात दोन मासे आले, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले. काकूंनी त्यांची नावं ठेवली जावई आणि व्याही. "वेळेवर खायचं, काम शून्य, आणि आपण मात्र पुढंमागं करायचं," असं कारण. पण सकाळी पूजा झाली की पहिल्यांदा त्या पेटीपाशीच जाऊन उभ्या राहायच्या, हे मी खिडकीतून बघत असे. जावई-व्याही पाच-सहा वर्षं सुखानं नांदले. बघायला येणाऱ्यांची रांग लागायची. नाशिकरोडचे एक दातांचे डॉक्टर तर काकांचे शिष्यच झाले. त्यांना काकांनी स्वतःच्या पेटीतला एक दगड काढून दिला, वस्तीसकट. डॉक्टरांनी दवाखान्यात समुद्र मांडला.

आणि मग मी जे केलं ते केलं.

काकांना छातीत दुखायला लागलं. मुंबईला नेऊन मोठं ऑपरेशन करायचं ठरलं, तीन आठवडे तरी लागणार. जाताना त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि दोन पानी सूचना दिल्या. दाणे किती, पाणी आटलं तर काय घालायचं, हवेची मोटर बंद पडली तर कुणाला बोलवायचं. 'साफ करू नका' असं मात्र त्यात कुठेही लिहिलं नव्हतं. हा मुद्दा आजही माझ्या बाजूचा आहे, असं मी म्हणते, आणि कुणी ऐकत नाही.

दिवाळी आठ दिवसांवर. माझं घर मी डब्यांच्या बुडापासून पंख्याच्या पात्यांपर्यंत घासलं होतं. मग काकांच्या घरात शिरले. ती पेटी बघितली आणि वाटलं, शी! दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर, वाळूवर हिरवट साय. म्हटलं, माणूस मरणाच्या दारातून परत येणार, त्यानं हे बघायचं? मासे बादलीत काढले. दगड एकेक करून मोरीत नेले आणि काथ्यानं खसाखसा घासले, नळाखाली. वाळू चाळणीत घेऊन धुतली. त्या दिवशी नळाच्या पाण्याला औषधाचा चांगला वास येत होता, आणि मला वाटलं, झकास, जंतूही मरतील. अहो, बारा वर्षं मी फळ्यावर नायट्रोजनचं चक्र काढत होते! बाण आणि जिवाणूंची नावं सगळी तोंडपाठ. आणि ते चक्र मी काथ्यानं घासून मोरीत सोडलं.

पेटी अशी चमकली की नवरा म्हणाला, "आता कसं प्रसन्न वाटतंय."

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. पाणी दुधाळ झालं, वास सुटला. चौथ्या दिवशी सकाळी व्याही वाळूवर आडवा. मी तिथेच खुर्चीत बसले. तेव्हा कळलं मी काय केलंय. काकूंनी बजावलं होतं, डॉक्टर म्हणालेत त्यांना कसलाही धक्का देऊ नका. माशामुळे माणूस दगावला तर मी तोंड कुठे लपवू?

त्याच दुपारी प्रशांतच्या मोबाइलवरून फोन आला. काकाच. आवाज अगदी खोल गेलेला.

"बाई, पाण्याला वास कसा येतोय?"

"नेहमीसारखा."

"नेहमीसारखा म्हणजे कसा?"

मला रडूच फुटलं. "काका, मी दगड घासले हो."

पलीकडे दूर कुठेतरी ट्रॉली ढकलल्याचा आवाज आला.

"कशानं?"

"काथ्यानं."

"कुठल्या पाण्यानं?"

"नळाच्या."

मी देवाचं नाव घ्यायला लागले. मग एकदम ड्यूटीवरचा आवाज आला. "एक तरी हलतोय का?"

"जावई हलतोय."

"मग रडायला नंतर वेळ आहे. झाकणाच्या दोन बादल्या घ्या, रिक्षा करा, नाशिकरोडला जा. डॉक्टरांना म्हणावं दगड द्या, पाणी द्या. दगड ओला ठेवायचा. जा. फोन ठेवा."

डॉक्टर एका बाईंच्या दातात भूल देऊन उभे होते. माझा अवतार बघून त्यांनी तिला तसंच आ करून ठेवलं, बाही वर सारली आणि पेटीत हात घातला. दोन दगड काढून दिले, दोन बादल्या पाणी दिलं. मी हात जोडले तर म्हणाले, "अहो, काकांचंच आहे हे. आपलं विरजण नासलं तर शेजारून आणतो ना? जा लवकर." परत येताना खड्ड्याखड्ड्याला ते पाणी माझ्या साडीवर सांडत होतं आणि मी रिक्षावाल्यावर खेकसत होते. तो शेवटी म्हणाला, "ताई, एवढं काय हाय बादलीत?" मी झाकणं आणखी घट्ट दाबून धरली.

जावई वाचला. पंधरा दिवस रोज मी परीक्षानळीत पाणी घेऊन काकांच्या बाटलीतले थेंब टाकून अमोनिया किती उरलाय ते बघत होते. आधी गडद पिवळं, मग फिकं, मग एकदाचं बिनरंगी. दिवाळी कधी आली नि गेली, मला आठवत नाही.

काका आले ते पाय न धुता सरळ पेटीपुढे. छातीला हात धरून वाकले. मी बाजूला उभी, दोन दिवस पाठ केलेली माफी तोंडात.

"व्याही गेले?"

"हो."

त्यांनी सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले. मग दगडावर बोट ठेवून म्हणाले, "फार छान घासलेत हो." मी त्यांच्या दिवाणखान्यात हमसून हमसून रडले आणि काकूंनी दोघांनाही झापलं, ऑपरेशनच्या माणसापुढे रडतात का म्हणून. पुढे गल्लीत कुणी विचारलं, दुसरा मासा कुठे गेला, तर काका सांगायचे, "म्हातारा झाला होता." खोटं बोलायची सवय नसल्यामुळे बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे.

चार-पाच वर्षं अशीच गेली. मग काकांच्या मानेनं असहकार पुकारला, हाताला मुंग्या येऊ लागल्या. प्रशांतनं ठरवलं, बस झालं, दोघांनी पुण्याला यायचं. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथे पेटी नेणं शक्यच नव्हतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ती दातांच्या डॉक्टरांकडे जाणार. शिष्य लायक होता, आणि त्यानं मागितलीही होती. तेवढ्यात एका सकाळी काका टेप घेऊन माझ्या घरात आले आणि खिडकीखालची भिंत मोजायला लागले.

"इथं बसेल."

"काका, माझ्याकडे? मी मारलंय व्याह्याला!"

"मीही पहिले चार मारलेच की," टेप गुंडाळत काका म्हणाले. "डॉक्टर हुशार आहेत, पण त्यांच्या हातून अजून कुणी मेलं नाही. त्यांना ऐकून माहीत आहे की हे पाणी जिवंत असतं. तुम्हाला माहीतच आहे."

नवऱ्यानं तेवढ्यात भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

जायच्या दिवशी ते आमच्या घरात आलेच नाहीत. काकू म्हणाल्या, एकदा बघून तरी या. तर म्हणाले, "पोरगी सासरी दिली की उंबऱ्यात घुटमळायचं नाही. मागं वळून तर मुळीच बघायचं नाही." गळ्यात मानेचा पट्टा, प्रशांतच्या शेजारी पुढच्या सीटवर ताठ बसलेले, नजर समोर. काकूंनी मला पोटाशी धरलं, "सकाळपासून चहासुद्धा घेतला नाहीये," असं कानात सांगितलं आणि मागे बसल्या. गाडी सुटली.

मी फाटकात उभी राहून हात हलवत होते. गाडी गल्लीच्या टोकाला वळण्यासाठी थांबली, तेव्हा मागच्या काचेतून काका दिसले. मान वळवता येत नव्हती, म्हणून हा माणूस अख्खाच उलटा झाला होता. सीटवर गुडघे टेकून, रस्त्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी सीट धरून बघत होता. शेजारी प्रशांत हात उडवून काहीतरी ओरडत होता. मी हात आणखी वर केला. काकांनी हलवला नाही. ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या मागे घराची खिडकी होती, आणि खिडकीत पेटीचा दिवा लागलेला होता.

मी मधे येत होते. पटकन बाजूला झाले.